'मी एम.ए. आहे, पण त्याचा इथे संबंध नाही'

पत्र थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या ताई कोथरूडच्या. वय ५८, बँकेतून निवृत्त. यजमानही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मोठा मुलगा २९ वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात लागलेला. धाकटी २६ची, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. मुलाचं तीन वर्षांपासून एका मुलीशी जमलंय. ती ३१ वर्षांची, नांदेडकडची, पाषाणच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. 'जातीचा प्रश्न नाही, पण पद्धती वेगळ्या पडतात,' असं ताई लिहितात. दिवाळी झाल्यावर मुलाने सांगितलं, आम्ही सूसला फ्लॅट भाड्याने घेऊन एकत्र राहणार आहोत, लग्नाचं तिचा प्रबंध सादर झाल्यावर बघू. त्या दिवसापासून वडील मुलाशी बोलत नाहीत. ताई विचारतात : 'आधी रजिस्टर करा, मग काय ते राहा' असं ठणकावून सांगावं का? एवढी शिकलेली बायको उद्या याला किंमत देईल का? नारायण पेठेतल्या वाड्यात, चौदा माणसांच्या एकत्र कुटुंबात ज्यांचा संसार झाला त्यांच्याच घरी हे कसं आलं, संस्कारांत काय कमी पडलं? आणि धाकटीच्या लग्नाचं काय? पत्राच्या मधेच एक वाक्य आहे : 'मी स्वतः एम.ए. आहे, लग्नानंतर बाहेरून केलं, फॉर्म यांनीच आणून दिला होता. पण त्याचा इथे संबंध नाही.'

ताई,

संबंध आहे. तुमच्या बाकीच्या प्रश्नांचा जेवढा आहे त्याहून जास्तच आहे, म्हणून तुम्ही कडेला सारलेलं ते वाक्य मी आधी हातात घेते.

'इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे' नावाची एक मोठी पाहणी आपल्या देशात झालेली आहे. दिल्लीची एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरिलँड विद्यापीठ यांनी मिळून केलेली, चाळीस हजारांवर घरांत जाऊन. तिच्या २०११-१२च्या फेरीतली माहिती घेऊन त्रिदीप राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : जातीबाहेरची लग्नं होतात ती कुणाच्या शिक्षणामुळे? मुलं शिकली की आपोआप होतात, असं आपण धरून चालतो. तसं दिसलं नाही. नवऱ्याच्या शिक्षणाने फरक पडत नव्हता, बायकोच्याही नाही. फरक दिसला तो मुलाच्या आईच्या शिक्षणाने. मुलाची आई दहा वर्षं जास्त शिकलेली असेल तर जातीबाहेर लग्न होण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी वाढलेली. अशी लग्नं मुळात शंभरात पाच-सहाच, तेव्हा वाढून वाढून किती वाढणार, हे खरं. पण बोट कुणाकडे जातंय ते बघा.

आपल्याकडे लग्न अजूनही घर ठरवतं. त्याच पाहणीत 'नवरा मी एकटीने निवडला' असं सांगणाऱ्या बायका शंभरात जेमतेम पाच होत्या. बैठकीत बोलतात पुरुष, पण शेवटचा होकार आतून येतो, ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईकडून. म्हणून तुमच्या घरात आज परीक्षा कुणाच्या शिक्षणाची आहे, तर त्या पीएच.डी.वाल्या मुलीच्या नाही.

हे सरासरीचं बोलणं झालं, हेही सांगते. एम.ए. होऊनसुद्धा होणाऱ्या सुनेचं आडनाव ऐकल्यावर हातातला पेला खाली ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यातली एक माझी सख्खी मावशी.

म्हणून जरा टोचेल असं विचारते. 'जातीचा प्रश्न नाही' असं तुम्ही लिहिलंत. धाकटीचं नाव जिथे नोंदवलंत तिथे जातीच्या रकान्यात काय भरलंत? 'चालेल' लिहिलंत, की पोटजातही घातलीत? तुम्ही काही जगावेगळं करत नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या एका बंगाली वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती घेऊन, त्या देणाऱ्या घरांशी बोलून एक अभ्यास केला, तो २०१३ मध्ये छापून आला. शिकलेली, मध्यमवर्गीय घरं. मुलीकडच्यांनी आलेली पत्रं कशी निवडली ते पाहिल्यावर असं निघालं की जातीतलाच मुलगा हवा म्हणून ही मंडळी अजिबात न शिकलेला आणि एम.ए. झालेला यांच्यातल्या अंतराएवढी किंमत मोजायला तयार होती. ताई, एका एम.ए.ची किंमत. 'पद्धती वेगळ्या पडतात' म्हणजे नक्की कोणती पद्धत, हे कागदावर लिहून बघा. आमटीत गूळ घालतात की नाही, गौरी उभ्याच्या की खड्यांच्या, असं काही निघालं तर ते महिनाभरात सुटतं. न लिहिता येण्यासारखं काही निघालं, तर तो प्रश्न मुलाचा नाही.

आता चौदा माणसांचं कुटुंब. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आयुष्यभर हेच शिकवलं आणि या विषयावर आपल्या पुण्याचा हक्क आहे. डेक्कन कॉलेजात बसून इरावती कर्व्यांनी भारतभरच्या नातेसंबंधांचा अभ्यास केला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. एकत्र कुटुंब कशाला म्हणायचं याची त्यांनी केलेली व्याख्या अजून वर्गात सांगितली जाते : एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, मालमत्ता सामाईक असलेली, देवधर्म एकत्र करणारी आणि एकमेकांच्या नात्यातली माणसं. छान, नेटकी व्याख्या. त्याच दशकात समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई गुजरातेतल्या महुवा गावात घरोघरी गेले आणि त्यांना वेगळंच दिसलं. छपरं वेगळी, चुली वेगळ्या, पण अडीअडचणीला पैसा एकमेकांचा, लग्नकार्य एकत्र, शब्द मोठ्या भावाचा. ही माणसं विभक्त म्हणायची की एकत्र? देसायांचं म्हणणं, एकत्रपणा छपरावर मोजू नका, एकमेकांसाठी काय करतात त्यावर मोजा. पुढे ए. एम. शहांनी गुजरातेतल्याच एका खेड्याची एकोणिसाव्या शतकातली घरमोजणी उघडली, तर तेव्हाही लहान लहान घरं भरपूर होती. पूर्वी सगळे एकत्र असायचे आणि आता फुटले, हे आपण ज्या खात्रीने बोलतो ती खात्री कागदांत सापडत नाही.

मी विद्यार्थिनी असताना शनिवार पेठेत प्रश्नावली घेऊन हिंडत होते. एका वाड्यात दुसऱ्या मजल्यावर एक आजी गहू निवडत बसल्या होत्या. विचारलं, घरात माणसं किती? 'नऊ.' मोजली तर पाच. बाकीचे चार कुठे? निगडीला, थोरला मुलगा, सून, नातवंडं. म्हटलं, आजी, ते वेगळे राहतात, त्यांचं कुटुंब वेगळं धरायचं असतं. आजींनी सुपातून मान वर केली. 'वेगळे कसे? पीठ इथनंच जातं.' खरंच, दर रविवारी मुलगा येऊन दळलेल्या पिठाचा डबा न्यायचा. मी रकान्यात 'पाच' लिहिलं, कारण सूचना तशी होती. चूक केली असं मला आजही वाटतं.

आणि त्याच वाड्यात खाली, एका छपराखाली, एका आडनावाखाली, तीन भावांच्या तीन बायका तीन स्टोव्ह पेटवून आपापला चहा वेगळा करत होत्या. दुधाच्या पिशव्यांवर खुणा केलेल्या. ते मी 'एकत्र कुटुंब' म्हणून लिहिलं.

तुमच्या चौदांत कोण कुणाशी बोलत नव्हतं ते आठवा, ताई. आणि तुमच्या एम.ए.च्या अभ्यासाला त्या घरात जागा कुठे होती, तेही. तुम्ही लिहिलं नाहीत, पण फॉर्म 'यांनीच आणून दिला' यातला 'च' मी वाचला. बाकीच्यांनी आणला नव्हता, एवढं त्यातून कळतं.

तेव्हा सूसच्या फ्लॅटने कुटुंब मोडतं का, याचं उत्तर भाड्याच्या करारात नाही. पीठ कुठून जाणार, त्यावर आहे.

संस्कारांचं थोडक्यात उरकते. मुलाने तीन वर्षं लपवलं नाही, घर घेण्याआधी येऊन सांगितलं, पळून गेला नाही. ते संस्कार कुणाचे? शिवाय माणूस कितीही पुढारलेला असो, गोष्ट आपल्या उंबऱ्याशी आली की पाय अडखळतोच. १८९३ साली विधवेशी लग्न करून मुरूडचा बहिष्कार सोसणारे, १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढणारे धोंडो केशव कर्वे. पण १९२८ मध्ये त्यांची स्वतःची सून पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाली तेव्हा त्यांचा विरोध होता. नवऱ्याने साथ दिली, म्हणून ती गेली. ती सून म्हणजेच वर आलेल्या इरावतीबाई. अण्णांना जे जड गेलं ते तुम्हाला-मला जड गेलं तर लाजायचं कारण नाही. तिथेच बसून राहिलो तर मात्र आहे.

'एवढी शिकलेली बायको याला किंमत देईल का?' शास्त्रकारांनी अनुलोम-प्रतिलोम, म्हणजे नवरा वरच्या वर्णाचा की बायको, हे वर्णासाठी सांगितलं होतं, आपण ते डिग्रीला लावलं : मुलगी एक पायरी खालचीच हवी. अमेरिकेत क्रिस्टीन श्वार्ट्झ आणि हाँग्युन हान यांनी २०१४ साली अनेक दशकांची लग्नं तपासली. जुन्या काळी तिथेही बायको जास्त शिकलेली असली तर घटस्फोटाची शक्यता जास्त असायची. १९९०च्या दशकात झालेल्या लग्नांत तो फरक उरला नव्हता. जोडपी तशीच होती, सवय झाली होती लोकांना. आपल्याकडेही बायको जास्त शिकलेली अशी लग्नं वाढताहेत, हे सोनाल्डे देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं आहे. त्यात गंमत अशी की मुलगी कमी शिकलेल्या मुलाला हो म्हणते तेव्हा त्याचं घर बहुधा तिच्या घरापेक्षा वरचढ असतं, आणि जात तीच. म्हणजे डिग्रीचा काटा सैल झाला, बाकीचे तसेच.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला डिग्रीपेक्षा पैशाची आणि गावाची काळजी वाटते. संशोधन करणाऱ्या मुलांची सरकारी फेलोशिप २०२३पासून सुरुवातीला महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार. ती पाच वर्षांपुरती, आणि कधीकधी महिनेच्या महिने येत नाही. म्हणजे आज कमावता तो आहे. प्रबंध झाल्यावर तिला बाहेरदेशी संधी आली तर चाकणची नोकरी सोडून तो जाणार का? गेला तर तिथे काय करणार? नाही गेला तर दोन-तीन वर्षं एक इथे, एक तिथे, हे दोघांनी बोलून ठेवलंय का? 'किंमत देईल का' यापेक्षा हे विचारा. याची उत्तरं तरी देता येतात.

आता ठणकावण्याचं. 'रजिस्टर करा' हे आपण गॅसचा नंबर लावल्यासारखं म्हणतो. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते, मग तीस दिवस थांबायचं, मग लग्न. आणि ते पूर्ण लग्न असतं, मधली पायरी नसते. ज्यांना अजून लग्न करायचं नाही त्यांना 'निदान रजिस्टर तरी करा' म्हणणं म्हणजे 'निदान लग्न तरी करा' म्हणणंच झालं. दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीने एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच स्पष्ट केलं आहे. लग्नासारखं नातं असेल तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं संरक्षण त्या मुलीलाही मिळतं. उत्तराखंडात २०२५पासून अशा जोडप्यांना सरकारदरबारी नोंद करावी लागते. तो कायदा त्या राज्याचा, आपल्याकडे लागू नाही. म्हणजे कायद्याच्या बाजूने तुमच्या हातात काठी नाही. जे आहे ते नातं आहे, आणि ते ठणकावून वापरलं की खर्ची पडतं.

बॉस्टनच्या परिसरातल्या वयस्क आया आणि त्यांची मोठी झालेली मुलं यांच्यातला अबोला मेगन गिलिगन, जिल सुइटर आणि कार्ल पिलेमर यांनी अभ्यासला, २०१५ साली ते छापून आलं. मुलाने लोकांच्या दृष्टीने काही वाईट केलं, अगदी कायदा मोडला, तरी त्यामुळे आईचं नातं तुटेलच असं नव्हतं. तुटलं ते बहुतकरून जिथे आईला वाटत होतं की या मुलाची मूल्यंच आपल्यापेक्षा वेगळी झाली. अमेरिकेतल्या बायका आहेत, मान्य. पण 'हा आपल्यातला राहिला नाही' हे वाक्य मला त्यांच्याइतकंच सदाशिव पेठेतही ऐकू येतं. तुमच्या यजमानांनी ते मनात म्हटलं असणार. तुम्ही अजून म्हटलेलं नाही, म्हणून पत्र लिहिलंत.

मात्र मुलांना सगळं मोकळं रान द्या, असंही माझं म्हणणं नाही. एकत्र राहण्यावर तिकडे पुष्कळ अभ्यास झालेत. लग्नाआधी एकत्र राहिलेल्यांची लग्नं जास्त मोडतात, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०१४ साली एरिएल कुपरबर्ग यांनी दाखवलं की एकत्र राहायला लागताना वय काय होतं, हे धरलं तर तो फरक जवळपास विरघळतो. तुमची मुलं २९ आणि ३१ची आहेत, एकोणीसची नाहीत. डेन्व्हरच्या स्कॉट स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांचा मुद्दा मला जास्त कामाचा वाटतो : काही जोडपी ठरवून एकत्र येतात आणि काही नुसती घसरत जातात. आधी टूथब्रश, मग कपड्यांची बॅग, मग सामाईक फ्रिज, आणि मग फ्रिज कुणी न्यायचा हे ठरत नाही म्हणून लग्न. तेव्हा 'लग्न कधी?' हा प्रश्न सध्या खिशात ठेवा. 'ठरवून राहताय की सोयीने?' हा विचारा, आणि दोघांना एकत्र बसवून विचारा. प्रबंध लांबला तर काय, असं जरूर विचारा. प्रबंध लांबतात.

ज्यांच्या घरी असाच विषय निघालाय त्यांनाही दोन-चार बारीक गोष्टी. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असावा आणि त्यावर दोघांचीही नावं असावीत. एकाचंच नाव असलं तर भांडणाच्या रात्री दुसऱ्याला घरच नसतं. सोसायटीला आणि घरमालकाला आहे ते खरं सांगावं, 'भाऊ-बहीण' वगैरे नको, त्यातून पुढे फार घाण होते. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बहुतेक ठिकाणी लग्नाचीच बायको चालते, म्हणून तिचा स्वतंत्र विमा काढायला सांगा. आणि मुलीच्या घरी काय माहीत आहे, ते विचारा. बऱ्याचदा मुलाकडे सगळं कळलेलं असतं आणि मुलीकडे 'हॉस्टेलवर आहे' एवढंच. मग एक दिवस नांदेडहून सकाळच्या गाडीने कुणीतरी उतरतं. तुमच्या घरातल्या अबोल्यापेक्षा ते जड जाईल, आणि भोगेल ती एकटी.

धाकटीचं. एक-दोन स्थळं मागे जातील. 'जाऊ देत' म्हणणं मला इथे बसून सोपं आहे, तुम्हाला नाही, याची मला जाणीव आहे. तरी 'कंपनी लांब पडते म्हणून दादाने खोली घेतलीय' असलं काही सांगू नका. पुण्यात असं आठवडाभर टिकत नाही, आणि मग मुलाच्या राहण्यापेक्षा तुमच्या खोटेपणाची चर्चा जास्त होते. काय सांगायचं ते धाकटीलाच विचारा. २६ वर्षांची आहे. आजवर या सगळ्यात तिला कुणी काही विचारलंय, असं तुमच्या पत्रावरून वाटलं नाही. कदाचित तिच्याकडेही सांगण्यासारखं काही असेल.

त्या मुलीला घरी बोलवा. 'दाखवायला' नको, साडी नेसवून नको, नुसतं जेवायला. तिचा प्रबंध कशावर आहे हे विचारा आणि समजेपर्यंत विचारत राहा. आपल्या कामाबद्दल खरोखर कुतूहलाने विचारणारं माणूस संशोधन करणाऱ्या मुलांना फार क्वचित भेटतं. जाताना डब्यात काहीतरी बांधून द्या. पीठ असलं तरी चालेल.

राहिले तुमचे यजमान. त्यांना माझा हा लेख वाचायला देऊ नका, चिडतील. मुलाचा विषयही काढू नका. त्या चौदा माणसांच्या घरात, बायकोने पुढे शिकावं म्हणून एक माणूस विद्यापीठात जाऊन फॉर्म घेऊन आला होता. किती वेळ रांगेत उभे होते, घरी आल्यावर तो आधी कुणाला दाखवला, आईंना काय सांगितलं, हे तुम्हाला कधी त्यांनी सांगितलंय का? एखाद्या रात्री टीव्ही बंद करून विचारा.